मांजराचे मागचे पाय अचानक लुळे पडल्यास
मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडून ते वेदनेने ओरडत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला लगेच पशुवैद्यांकडे न्या. निघताना पंजांच्या गाद्या तेवढ्या पाहा. त्या पुढच्या पंजांपेक्षा गार आणि फिकट किंवा निळसर असतील, तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या शेवटी, जिथून दोन्ही पायांना रक्तवाहिन्या फुटतात तिथे, अडकल्याची दाट शक्यता असते, आणि हे डॉक्टरांना फोनवरच सांगितलेले बरे. पाय चोळू किंवा शेकू नका. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजरासाठी ते विषच आहे. उंचावरून पडल्याची शंका असल्यास मात्र त्याला सपाट फळीवर ठेवूनच हलवा. घरी आणल्यावर लघवी होते का, याकडे माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यावे.