सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं: मग जात कोणती निवडायची?

तुमचा प्रश्न असा आहे: बर्चच्या (थंड प्रदेशातल्या एका झाडाच्या) परागकणांची ॲलर्जी तपासणीत निघाली आहे, कच्च्या सफरचंदाचा घास घेतला की दोन-तीन मिनिटांत ओठ, टाळू आणि कानाच्या आत खाज सुटते, शिजवलेलं मात्र बिनबोभाट चालतं. मग कच्चं खाता येईल अशी एखादी जात आहे का?

आहे, एक नाही, बऱ्याच आहेत. पण नुसती नावं पाठ करून दुकानात गेलात तर फसाल. कारण त्रास किती होईल हे जातीइतकंच फळ किती जुनं आहे, सालीसकट खाल्लं का आणि परागकणांचा हंगाम चालू आहे का, यावरही ठरतं.

आधी ही ॲलर्जी कुठल्या प्रकारची आहे ते पक्कं करा. बर्चच्या परागात बेट व्ही १ नावाचं प्रथिन असतं आणि सफरचंदात त्याचा जवळचा भाऊबंद, मॅल डी १. परागाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं सफरचंदातल्या प्रथिनालाही तेच समजून धरतात. हे प्रथिन नाजूक असतं. उष्णतेने त्याची घडी मोडते, जठरातल्या रसात ते लवकर तुटतं, म्हणून त्रास बहुधा तोंडापुरता राहतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. या लेखात पुढे जे काही आहे ते फक्त या प्रकाराला लागू आहे.

दुसरा प्रकार मॅल डी ३ चा. हे प्रथिन सालीत जास्त असतं, शिजवून जात नाही आणि पोटातही टिकून राहतं. त्यामुळे शिजवलेल्या सफरचंदानेही त्रास होत असेल, अंगावर गांधी उठत असतील, पोटात कळा येत असतील, उलटी होत असेल, आवाज बसत असेल, धाप लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर जाती तपासायच्या भानगडीत पडूच नका. सफरचंद पूर्ण बंद करून ॲलर्जीतज्ज्ञाकडे जा. रक्तातून या दोन्ही प्रथिनांची प्रतिपिंडं वेगवेगळी मोजता येतात. ‘सफरचंद: पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला अहवाल या कामाला पुरत नाही.

टोचून करायच्या तपासणीतही एक मेख आहे. बाटलीतल्या तयार अर्कात मॅल डी १ टिकत नाही, त्यामुळे त्रास होणाऱ्या माणसाचाही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून ताजं फळ टोचून तीच सुई त्वचेला टोचतात. डॉक्टरांना विचारून तुम्हाला ज्या दोन-तीन जाती खायच्या आहेत त्यांची अख्खी फळं, नावाच्या चिठ्ठ्या लावून, सोबत न्या. कापून डब्यात नेऊ नका, कारण कापलेलं फळ वाटेतच बदलू लागतं.

आता नावं. मॅल डी १ चा जोर जास्त असलेल्या जातींत गोल्डन डिलिशस, ग्रॅनी स्मिथ, गाला, जोनागोल्ड आणि पिंक लेडी पुन्हा पुन्हा येतात. यातली एक गंमत पाहा: गाला, जोनागोल्ड आणि पिंक लेडी या तिन्हींच्या आईबापांपैकी एक गोल्डन डिलिशस आहे. नवीन जातीच्या वंशावळीत ते नाव दिसलं तर ती यादीत शेवटी ठेवा. तिला बाद करायचं कारण नाही, पण तिच्यापासून सुरुवातही नको.

सौम्य गटात सॅन्टाना सर्वांत जास्त तपासली गेलेली जात आहे. ती नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला एलीझ आणि प्रिसिला यांच्या संकरातून झाली. हेतू होता खवड्या या सफरचंदाच्या बुरशीजन्य रोगाला तोंड देणारं झाड मिळवण्याचा, ॲलर्जीवाल्यांना चालतं हे नंतर लक्षात आलं. तिथे ती ॲलर्जीवाल्यांसाठी म्हणून विकलीही गेली. तरी सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, काही जणांना सॅन्टानाही खाजतेच. तिची आई एलीझही याच गटातली. बोस्कोप ही १८५६ मध्ये त्याच नावाच्या डच गावात सापडलेली जुनी जात. साल खरबरीत, चव चांगलीच आंबट-तुरट, आणि बऱ्याच जणांना चालते. ग्लॉस्टर आणि ब्रेबर्न तपासून पाहण्यासारख्या आहेत, पण ब्रेबर्नचे अनुभव एकसारखे नाहीत. जर्मनीत खास ॲलर्जीवाल्यांसाठी म्हणून पोम्पुर नावाची जात पुढे आली आहे. लाल गराच्या काही जातीही सौम्य निघतात. त्यांपैकी ‘रेड मून’ ऑस्ट्रिया-इटलीकडच्या संशोधनात सवय लावण्याच्या उपचारासाठी वापरलं गेलं: आधी रोज ते, मग पिंक लेडी, शेवटी गोल्डन डिलिशस, असं महिनोन्‌महिने चढत जायचं. हा प्रकार डॉक्टरांच्या देखरेखीतला आहे, घरी करून पाहायचा नाही.

‘जुन्या जाती चांगल्या, नव्या वाईट’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. अर्धा खरा आहे. ग्रॅनी स्मिथ १८६८ च्या सुमाराची, गोल्डन डिलिशसलाही शंभरावर वर्षं झाली, आणि दोन्ही त्रासदायक यादीच्या डोक्यावर. महत्त्व वयाला नाही, तुरटपणाला आहे. सफरचंद कापलं की त्यातली पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकत्र कामाला लागतात, फोड तपकिरी होते आणि याच क्रियेत बदललेली पॉलिफेनॉल मॅल डी १ ला चिकटून त्याचा जोर कमी करतात. बाजाराला कापल्यावर पांढरी राहणारी, गोड, तुरट नसलेली फळं हवी होती, त्यामुळे पैदास करताना पॉलिफेनॉल गळत गेली असं मानलं जातं.

दुकानातून आणल्यावर हे करून पाहा. दोन जातींची एकेक फोड पांढऱ्या बशीत शेजारी ठेवा आणि वीस मिनिटांनी बघा. बोस्कोपची फोड गंजल्यासारखी तपकिरी झालेली असेल. जी फोड तासाभरानेही पांढरीशुभ्र आहे तिच्याकडून फार आशा नको. हा फक्त कल समजायचा, पुरावा नाही. लवकर काळी पडणारी पण खाजवणारी फळंही असतात. फोडीवर लिंबू पिळू नका. क जीवनसत्त्व काळं पडणं थांबवतं, म्हणजे तुम्हाला हवी असलेली क्रियाच थांबवतं. पाकिटातल्या कापलेल्या सफरचंदांना बहुधा कॅल्शियम ॲस्कॉर्बेट लावलेलं असतं, तिथेही तेच. उलट किसून अर्धा तास उघडं ठेवलेलं सफरचंद काही जणांना चालतं, दिसायला मात्र चिखल.

साठवण हा मुद्दा लोक विसरतात. शीतगृहात फळ जसजसं जुनं होतं तसतसं मॅल डी १ वाढू शकतं. सॅन्टानाची तोड साधारण सप्टेंबरात होते आणि ती फार टिकत नाही. ऑक्टोबरात चालली आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी खाजली, तर जात बदललेली नाही, फळ म्हातारं झालं आहे. म्हणून ‘ही जात मला चालत नाही’ असं ठरवण्याआधी ती ताज्या तोडीची होती का ते विचारा.

घरी करायची चाचणी फक्त त्यांच्यासाठी ज्यांना आजवर तोंडापलीकडे कधीच काही झालेलं नाही, दमा आटोक्यात आहे आणि डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. सोबत कुणीतरी असावं. दिवस साधा निवडा: ताप नको, दारू नको, आधी-नंतर दोन तास व्यायाम नको, त्या दिवशी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी नको. या गोष्टी साध्या खाजेचं मोठ्या प्रतिक्रियेत रूपांतर करू शकतात. ॲलर्जीची गोळी चालू असेल तर निकाल खोटा येतो. ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील.

फळ धुऊन सोला आणि गर घ्या. फोड ओठाच्या आतल्या बाजूला लावून पंधरा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर वाटाण्याएवढा तुकडा चावून थुंकून टाका, पुन्हा पंधरा मिनिटं. मग तेवढाच तुकडा गिळा. मग सुमारे १० ग्रॅमची पातळ फोड, मग पाव फळ. गिळण्यापासून पुढच्या प्रत्येक पायरीला वीस मिनिटं. खाजेला ० ते १० मध्ये गुण द्या, आणि २ च्या वर गेली की तिथेच थांबा. ‘थोडं अजून खाऊन बघू’ हीच इथली सगळ्यात महागडी चूक. एका दिवशी एकच जात. साल पुढच्या वेळी, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही. वहीत जात, खरेदीची तारीख, साल होती की नव्हती, किती खाल्लं आणि गुण, एवढं लिहा. भीतीनेही तोंड खाजतं, म्हणून शक्य असेल तर कोणती फोड कुठल्या जातीची हे दुसऱ्याला ठरवू द्या आणि नाव नंतर विचारा.

शिजवण्याबद्दल एवढंच: फोडी आतपर्यंत मऊ व्हायला हव्यात. मायक्रोवेव्हमधून वरून गरम आणि मधे करकरीत निघालेली फोड कच्चीच समजा. पाश्चराइज्ड रस बहुधा चालतो, ताजा काढलेला नाही. वाळवलेल्या चकत्या कमी तापमानावर वाळवलेल्या असू शकतात, त्यांना कच्च्याच्या रांगेत बसवा. आणि हे सगळं मॅल डी १ पुरतंच, हे पुन्हा सांगतो.

याच कुटुंबातली प्रथिनं नाशपाती, चेरी, पीच, हेझलनट, गाजर, सेलरी आणि सोयामध्येही आहेत. सोयाच्या दुधाबद्दल विशेष जपा. बर्चवाल्यांना त्याच्या मोठ्या पेल्याने तोंडापलीकडे जाणाऱ्या प्रतिक्रिया झालेल्या आहेत, कारण एका दमात पुष्कळ प्रथिन पोटात जातं. सफरचंदाच्या स्मूदीलाही हाच नियम. बर्चची ॲलर्जी कमी करायला घेतलेल्या इंजेक्शनांनी सफरचंदाचा त्रासही कमी होईल असं धरून चालू नका, काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही.

झाड लावायचा विचार असेल तर बी पेरून उपयोग नाही, बियांपासून आईची जात उतरत नाही. नावाची खात्री असलेलं कलमच घ्या, आणि पहिलं फळ आल्यावर वरची चाचणी नव्याने करा. शरदात चाललेली जातही बर्चच्या फुलोऱ्यात, म्हणजे साधारण मार्च ते मे, पुन्हा अर्ध्या फोडीपासून तपासायची. त्या महिन्यांत प्रतिपिंडं तापलेली असतात आणि एरवीचे ० गुण सहज ४ होतात.