काकूंचा फोन आला की काय सांगू?

"मावशी, मी सांगलीची, बारावी सायन्स, वय १७. माझी एक मैत्रीण आहे, बालवाडीपासूनची. २०१९ च्या पुरात गावभागातलं त्यांचं घर पाण्यात गेलं तेव्हा ते सगळे आमच्या विश्रामबागच्या घरी राहायला होते, तेव्हापासून तर आम्ही बहिणीच. यंदा गणपतीत ढोलपथकात तिला एक मुलगा भेटला. १९ वर्षांचा, मिरजेचा, डिप्लोमा करतो, दोन विषय राहिलेत. आता दर रविवारी ती घरी सांगते की माझ्याकडे अभ्यासाला जाते आणि जाते त्याच्याबरोबर हरिपूरला नाहीतर कुठे कुठे. परवा काकूंनी तिच्या धाकट्या भावाबरोबर दोघींसाठी डबा पाठवला, मी त्याला दारातच सांगितलं की ताई आंघोळीला गेलीय. दुपारी दोन वाजता! मग काकूंचा फोन, जेवली का गं ती? मी हो म्हटलं. रात्रभर झोप नाही. तिला म्हटलं हे बंद कर, तर म्हणते तू जळतेस, तुला कोणी नाही ना म्हणून. मला तो मुलगा अजिबात आवडत नाही, कसला तो हेअरकट, आणि त्याने तिचा इन्स्टाचा पासवर्डपण घेतलाय. माझ्या वाढदिवसाला आली आणि अर्ध्या तासात गेली. काकूंना सांगून टाकू का? पण तिचे पप्पा फार कडक आहेत, कळलं तर कॉलेज बंद करतील. मी वाईट मैत्रीण आहे का?"

अगं पोरी, दुसऱ्याच्या घरी, भर दुपारी, आंघोळ! त्या बारक्याने विश्वास ठेवला असेल एकवेळ, काकूंनी ठेवला असेल असं मला वाटत नाही हं. जेवली का गं असं विचारताना बायका पोरीच्या पोटाबद्दल विचारत असतात असं तुला वाटतं का? त्या तुझा आवाज ऐकत होत्या. म्हणजे तू ज्याला मोठं गुपित समजून उराशी धरून बसलीयस त्याचा अर्धा वास त्यांना आधीच आलेला असू शकतो, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाच.

मैत्रिणीला आपण चिऊ म्हणू.

तू मला विचारलंयस काकूंना सांगू का, पण तुझ्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी एकात एक गुंतलीयत आणि तू तिन्हीवर एकच औषध मागतेयस. एक, चिऊ तुला सोडून दुसऱ्याबरोबर फिरते. दोन, ती तुझ्या नावावर खोटं बोलते. तीन, तो पोरगा तिला त्रास देईल की काय. हे सुटं केल्याशिवाय तू काकूंकडे गेलीस तर तुलाच कळणार नाही की काळजीने गेलीस का रागाने गेलीस, आणि चिऊ तर आयुष्यभर रागानेच गेली असंच म्हणणार.

आधी जळण्याचं बघू, कारण तेच तुला सगळ्यात लागलंय. हो, जळतेस थोडी. मग? बारा-तेरा वर्षं जिच्याबरोबर डबा खाल्लास, जिच्या घरच्यांबरोबर पुरात एका खोलीत झोपलात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलंय हे ज्या वयात टीव्हीवर बघून एकमेकींचे हात धरलेत, ती पोरगी तुझ्या वाढदिवसाला अर्ध्या तासात घड्याळ बघून उठते, तर पोटात कालवणारच की. त्याला नाव ठेवण्यासारखं काही नाही. फक्त एक कर, ते त्या मुलाच्या खात्यावर टाकू नकोस. हेअरकट वाईट आहे आणि डिप्लोमाचे दोन विषय राहिलेत, यावरून माणूस वाईट ठरवायचा तर निम्मा महाराष्ट्र घरी बसवावा लागेल. हे तू चिऊला बोलून दाखवलं असशील तर ती चिडली यात नवल नाही. "मला तुझी आठवण येते, वाढदिवसाला फार वाईट वाटलं" हे तिला तू एकदा तरी म्हटलंयस का? पत्रात तरी दिसलं नाही. तू म्हटलंस ते फक्त "हे बंद कर." एवढं ऐकून कुठलीही सतरा वर्षांची पोरगी बंद करत नाही, उलट आईच्या जोडीला अजून एक आई आली म्हणून पळते.

आता दुसरं, खोटं बोलण्याचं, आणि इथे मी अगदी ठाम आहे. हे थांबव. खोटं बोलणं पाप वगैरे प्रवचन मी देत नाहीये, त्या वयात घरी सगळं खरं सांगणारी पोरं मी तरी कमीच बघितलीयत. माझं कारण वेगळं आहे. रविवारी दुपारी चिऊ नक्की कुठे आहे हे अख्ख्या सांगलीत घरचं कोणालाच माहीत नसतं, सगळे समजतात ती तुझ्याकडे आहे म्हणून कोणी शोधतही नाही, आणि तुलाही "हरिपूरला नाहीतर कुठे कुठे" एवढंच ठाऊक. उद्या गाडी घसरली, कुठे भांडण झालं, फोन बंद लागला, तर संध्याकाळपर्यंत कोणी हलणारच नाही आणि मग सगळे तुझ्या दारात येणार. एवढी जबाबदारी तू कधी मागितली होतीस? तिनेही तुला विचारून दिली नाही, दर रविवारी गुपचूप तुझ्या अंगावर टाकून जाते. आणि तुझी आई? ती घरात असेल ना रविवारी, तिने तो डबा बघितला असेल. पुरात दोन कुटुंबं एका छताखाली राहिलेली, म्हणजे तुझी आई आणि काकू भाजी घेताना सुद्धा भेटत असणार, हे किती दिवस टिकेल असं वाटतं तुला?

तेव्हा चिऊला समोर गाठून सांग. व्हॉट्सॅपवर नको, इन्स्टावर तर अजिबात नको. तिचा पासवर्ड त्याच्याकडे आहे ना, मग तू तिला त्याच्याबद्दल आत्तापर्यंत जे जे मेसेज केलेस ते त्याने निवांत वाचले असणार, कदाचित तुझ्यातलं आणि तिच्यातलं निम्मं भांडण तिथूनच पेटलं असेल! तेव्हा क्लास सुटल्यावर दोघीच चालत या, भडंग खात घाटावर बसा, काय करायचं ते करा, पण मध्ये स्क्रीन नको आणि तिसरी मैत्रीण साक्षीदार म्हणून नको. आणि बोलणं थोडकंच ठेव. साधारण असं, "हे बघ, तू त्याच्याबरोबर जायचं का नाही ते मी सांगणार नाही. पण येत्या रविवारपासून माझं नाव घ्यायचं नाही. काकूंचा फोन आला तर मी म्हणणार, ती इथे नाहीये. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, ते मी सांगणार नाही, पण इथे आहे असंही म्हणणार नाही." ती रडेल, ओरडेल, ब्लॉक करेल. ब्लॉक झालीस तर झालीस. तू तिला आधी सांगून, वेळ देऊन केलंस, मागून वार केला नाहीस, आणि हा फरक आज तिला दिसला नाही तरी पुढे कधीतरी दिसेल. मग काकूंनी त्यातून काय ते ओळखलं तर ते चिऊ आणि काकूंमध्ये, तू मध्ये नाहीस.

तिसरं दुखणं मात्र तू पत्रात हेअरकटच्या शेजारी एका वाक्यात उरकलंस आणि मला तेवढंच खटकलं. पासवर्ड. आजकालच्या पोरांना हे प्रेमाचं सर्टिफिकेट वाटतं, की बघ माझ्यापासून काही लपवत नाही. मला नाही पटत. चार महिन्यांपूर्वी भेटलेल्या माणसाला ती कोणाशी काय बोलते हे चोवीस तास बघायचंय, तर ती पाळत झाली. तेव्हा जरा डोळे उघडे ठेवून बघ, फोन उचलला नाही तर तो चिडतो का, ढोलपथकातल्या बाकी पोरांशी बोलू नको म्हणतो का, तिचे बाकीचे ग्रुप सुटतायत का, "माझ्यावर प्रेम असेल तर" असं म्हणून काही करायला लावतो का, फोटो मागतो का. यातलं काहीच नसेल तर साधा एक पोरगा आहे, असू दे. असेल तर चिऊला बाजूला घेऊन पहिला पासवर्ड बदलायला लाव, सेटिंगमध्ये जाऊन बाकी फोनवरचं लॉगिन काढायला लाव, टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय वर एक कोडही लागतो ते, चालू करायला लाव. तेवढ्यावर तो भडकला तर तिला तिचं उत्तर मिळेल, तुला काही बोलावंच लागणार नाही.

आणि एक कोरडी गोष्ट सांगते जी या वयाच्या पोरापोरींना कोणीच नीट सांगत नाही. चिऊ १७ ची, तो १९ चा. तुम्हाला दोन वर्षं म्हणजे काहीच वाटत नाही, पण कायद्याला मध्ये १८ ची रेघ दिसते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्याने १८ च्या खालचं कोणीही बालक. नुसतं फिरायला जाण्यावर कोणी बोट ठेवत नाही, पण त्यापुढे शारीरिक जवळीक झाली तर "माझी इच्छा होती" हे तिचं म्हणणं धरलंच जात नाही, तो आरोपी होतो. अशा प्रेमप्रकरणात तक्रार करायला जातात ते बरेचदा मुलीच्या घरचेच, आणि तू म्हणतेस पप्पा कडक आहेत. मग पोरगा आत, आणि पोरगी मेडिकल, जबाब, कोर्ट या चक्रात, ऐन बारावीला. २०१२ च्या आधी हे वय १६ होतं, आताही त्यावर वाद चालू आहेत, पण आज कायदा हाच आहे आणि तो तुम्हा तिघांनाही माहीत पाहिजे. हे भीती घालायला नाही सांगत. खरं तर त्या पोरालाच जास्त कळायला हवं, त्याच्यावर प्रेम असेल तर चिऊनेच त्याला सांगावं. फोटोचंही तेच, १८ च्या खालच्या मुलीचा तसला फोटो काढणं, पाठवणं, नुसता फोनमध्ये ठेवणं, सगळं गुन्ह्यात बसतं.

मग काकूंना सांगायचं का? आज नाही. पळून जायची भाषा निघाली, त्याने हात उचलला, फोटोवरून धमकी दिली, चिऊ जेवेनाशी झाली, जीव नकोसा झालाय असलं काही बोलली, तर मात्र त्याच दिवशी, तिची परवानगी न मागता, आणि पहिली काकूंकडे नव्हे, तुझ्या स्वतःच्या आईकडे जा. पप्पांचा स्वभाव तू जाणतेस, तुझी आईही जाणते, कुठली गोष्ट कोणापुढे कशी मांडायची, कॉलेज बंद न करता पोरीला कसं सांभाळायचं, हे दोन बायका चहा पिताना जसं ठरवतील तसं तुला जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही नको. खरं म्हणजे तुझ्या आईला मी आजच थोडं सांग म्हणेन, चिऊचं नाही, तुझं. की मला काकूंशी खोटं बोलावं लागलं आणि मला झोप लागत नाही. आया पुढचं न विचारता समजतात, आणि समजल्या की लगेच भोंगा घेऊन फिरतात असंही नाही.

वाईट मैत्रीण का, याचं उत्तर मी देणार नाही, ती काय परीक्षा आहे का मार्क द्यायला. तुझी खरी परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्याआधी प्रॅक्टिकल, नंतर सीईटी, आणि तू माझ्याकडे पत्र लिहिताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस याची मला जास्त काळजी वाटते. दोघींनी एकाच कॉलेजात, एकाच रूमवर राहायचं वगैरे ठरवलं असेल ना, सगळ्याच ठरवतात. मला त्याचं काही नाही, पण कॉलेज प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरताना चिऊ काय टाकते ते बघून पर्याय टाकू नकोस आणि तिला चिडवायला मुद्दाम उलटेही टाकू नकोस. रविवारचे ते तीन तास, जे तू दर आठवड्याला काकूंचा फोन येतोय का बघत घालवतेस, त्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री संपेल.

आणि असं समज की जानेवारीत एक दिवस चिऊ येते, डोळे सुजलेले, सगळं संपलं म्हणते, किंवा काहीच न सांगता नुसत्या फिजिक्सच्या नोट्स मागते. तेव्हा "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य गिळ. नोट्स दे, कोणते चॅप्टर राहिलेत विचार, तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. न संपता ते दोघं छान चाललेत असंही होईल, मग कधीतरी तिघं मिळून भेळ खा, बोलून बघ त्याच्याशी, हेअरकट तोवर वाढलेला असेल.

मला पुढचं कळव. पण फोटो, धमकी, मारहाण यातलं काही असेल तर माझ्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, १०९८ ला फोन लावायचा, मुलांसाठीच आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, चिऊसाठी तूही लावू शकतेस. आणि फोटो बाहेर जाईल अशी भीती असेल तर टेक इट डाउन नावाची एक सोय आहे १८ च्या खालच्यांचे फोटो अडवायला, फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक कोड तयार होतो आणि इन्स्टा-फेसबुकवाले त्या कोडवरून तो फोटो ओळखून काढतात. चिऊला हे आधीच माहीत असू दे, गरज पडो न पडो.