राज्याचा कायदा आणि आमच्या दावणीचा म्हातारा बैल

तुम्ही विचारलंय, "शेती हा राज्याचा विषय आहे असं शाळेत शिकलो. मग विधानसभेत होणाऱ्या कायद्यांनी शेतकऱ्याच्या आणि जनावरं पाळणाऱ्याच्या घरात नेमका काय फरक पडतो? कर्जमाफी सोडून एखादं उदाहरण द्या."

मी आटपाडी तालुक्यातला. घरची नऊ एकर, त्यातली सहा जिराईत. दावणीला बैल, तीन गाई, आणि आजोबांच्याही आधीपासून घरात खिलार जातीच्या जनावराचं वेड. त्यामुळे मला उदाहरण सुचतं ते बैलाचंच. आमच्या घरावर सगळ्यात खोल परिणाम केला तोही बैलाबद्दलच्याच कायद्याने.

आधी चौकट थोडक्यात सांगतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत शेती 14 व्या नोंदीत आहे, पशुधनाचं जतन आणि सुधारणा 15 व्या, जमीन 18 व्या आणि बाजार व जत्रा 28 व्या. वावर, दावण आणि बाजार, शेतकऱ्याच्या या तिन्ही जागांचे नियम राज्य ठरवतं. भावाभावांत वाटणी करून दहा गुंठे जिराईत विकायला निघालात तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकता येतो, कारण 2016 मध्ये राज्याने बाजार समितीच्या नियमनातून फळं-भाजीपाला वगळला. असे कितीतरी कायदे आहेत, पण त्या सगळ्यांत शिरत नाही.

महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा 1976 चा. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू यांच्या बाबतीत मात्र, जनावर शेतीला, ओझ्याला, पैदाशीला उपयोगी राहिलेलं नाही असा दाखला मिळाला तर परवानगी होती. 1995 मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल आणि वळूंनाही पूर्ण बंदीत घेतलं. राष्ट्रपतींची मंजुरी यायला वीस वर्षं लागली आणि मार्च 2015 पासून ती अंमलात आली. कत्तलच नाही, कत्तलीसाठी विकणं, विकत घेणं, वाहतूक करणं, सगळ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

कागदावर हा कायदा कत्तलखान्याबद्दल आहे. शेतकऱ्याने शेतकऱ्याला बैल विकू नये असं त्यात कुठेही नाही. मग आमचं काय बिघडलं?

त्यासाठी बैलाचा हिशोब समजून घ्यावा लागेल. आमच्याकडे दोन दाती, म्हणजे तरणा खोंड घ्यायचा, वर्षभर हलक्या कामाला लावून शिकवायचा. दात जुळेपर्यंत तो तयार होतो. पुढे आठ-दहा वर्षं नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी. पाय आखडायला लागले, औताला जुपल्यावर मान टाकायला लागला की बाजार दाखवायचा आणि आलेल्या पैशात भर घालून पुन्हा खोंड आणायचा. 2009 मध्ये आम्ही म्हातारा बैल चौदा हजारांना दिला, वर बावीस हजार घातले आणि हरण्याला घरी आणलं. ते चौदा हजार वडिलांनी कधी बँकेत ठेवले नव्हते. ते दावणीवरच उभे होते आणि रोज काम करत होते. ज्याच्याकडे विमा नाही, पेन्शन नाही, त्याच्यासाठी बैलाची ही शेवटची किंमत म्हणजेच शिल्लक.

नवा कायदा लागू झाला आणि ही शेवटची किंमत गेली. बरं, घसरण फक्त म्हाताऱ्या बैलापुरती थांबली नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आठ वर्षांचा, अजून पाच वर्षं काम देईल असा बैल घेणारा शेतकरीही मनात हिशोब करतो की शेवटी याचे किती येतील. शेवटी काहीच यायचं नसेल तर तो आजच कमी भाव सांगतो. मग मधल्या वयाचा बैल पडतो, आणि मधल्या वयाचा पडला की खोंड सांभाळून मोठा करणाऱ्याचं मन उडतं. आमच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. वडील सांगतात, पूर्वी म्हाताऱ्या बैलालाही दोन-तीन हात लागायचे. 2015 च्या उन्हाळ्यात आमच्या म्हाताऱ्या बैलाला, माणक्याला घेऊन आम्ही सकाळी सहापासून उभे होतो. अकरा वाजेपर्यंत रुमाल कुणी काढलाच नाही. वीस वर्षं आमच्या गावात येणारा ओळखीचा व्यापारी जवळ आला, माणक्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अण्णा, जनावर चांगलं आहे. पण केस अंगावर घेऊन मी घर कसं चालवू?"

परतताना रात्र झाली. पिकअप भाड्याची होती. हायवेवर सात-आठ पोरांनी गाडी अडवली. ती पोलीस नव्हती. बैल कुठे नेताय, कुणाला विकलाय. वडील खाली उतरले, बाजाराची पावती दाखवली, न विकलेला बैल परत घरी नेतोय हे सांगितलं. पावतीवर गाव होतं, नाव होतं. तरी दोन तास गेले. शेवटी वडिलांनी माणक्याला हाक मारली. तसं त्याने मान वळवली आणि हौद्याच्या फळीवरून त्यांच्या खांद्यापर्यंत तोंड आणलं. ते बघून त्यांच्यातल्या एका पोराने गाडी सोडायला सांगितली. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याने जन्मभर बेंदराला बैलाच्या पाया पडून मगच तोंडात घास घातला, त्याला स्वतःचा बैल स्वतःचाच आहे हे रस्त्यावर सिद्ध करावं लागलं. त्यानंतर वडील जनावर घेऊन बाजाराला गेले नाहीत. आता मीच जातो.

मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये या कायद्यावर निकाल दिला. बंदी कायम ठेवली, पण आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आमच्यासाठी हा निकाल फार महत्त्वाचा होता. दुर्दैवाने तो हायवेवर पोहोचलेला नाही.

दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, कारण ती घटनेतच आहे. अनुच्छेद 48 राज्याला सांगतो की शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करा, आणि त्याच वाक्यात पुढे गाई-वासरं, दुभती व ओढकामाची जनावरं यांच्या कत्तलीला बंदी घालण्याकडे पावलं टाका. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की निरुपयोगी झालेल्या बैलांवरही सरसकट बंदी घालणं वाजवी नाही, कारण चारा थोडा आहे. 2005 मध्ये गुजरातच्या कायद्यावर निर्णय देताना सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका बदलली. त्यातला एक मुद्दा असा होता की बैल म्हातारा झाला तरी शेण आणि गोमूत्र देतो, म्हणून तो कधीच निरुपयोगी होत नाही.

या मुद्द्याचा मी मनापासून विचार केला आहे, कारण शेणखत आमच्याकडे सोन्यासारखं वापरलं जातं. पण हिशोब मांडून बघा. एका मोठ्या बैलाला कडबा, थोडी हिरवी वैरण आणि मूठभर पेंड धरली तर आमच्या भागात रोजचे शंभर रुपये कुठेच जात नाहीत. वर्षाला साडेछत्तीस हजार झाले. पाणी रोज चाळीस लिटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात ते टँकरचं. वर्षाचं शेण कुजून एक-दीड ट्रॉली खत होतं, त्याचे आमच्याकडे सहा ते आठ हजार येतात. उरलेले अठ्ठावीस-तीस हजार शेतकरी घालतो, दर वर्षी, बैल जगेल तितकी वर्षं. प्रेमापोटी घालणारे आहेत, आम्हीही घातले. पण ज्याची दोन एकर आहे त्याने कुठून घालायचे?

त्यात ही दुरुस्ती आली ती दुष्काळाच्या तोंडावर. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते हेच दिवस. दुष्काळात शेतकरी काय करतो? चार जनावरांतली दोन विकतो आणि त्या पैशात उरलेली दोन जगवतो. ही वाट नेमकी तेव्हाच बंद झाली. चारा छावण्यांनी पुष्कळ जनावरं वाचवली, हे डोळ्यांनी बघितलंय. पण छावणी पाऊस पडला की उठते.

दूधवाल्यांची अडचण आणखी वेगळी. होल्स्टिन किंवा जर्सी संकराच्या गाईला गोऱ्हा झाला तर त्याला औताचा काही उपयोग नाही. वशिंड नसल्यात जमा, त्यामुळे जू मानेवर नीट बसत नाही, आणि आमचं ऊन त्याला सोसत नाही. पूर्वी तो दोन-तीन हजारांना जायचा. आता कुणी फुकट नेत नाही. रात्री दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून दिलेले गोऱ्हे सकाळी कुणाच्या तरी ज्वारीत असतात. कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं रेत (वीर्य) आता मिळतं, आणि हा प्रश्न सुटायचा तर त्यानेच सुटेल. म्हशीला आणि रेड्याला ही बंदी नाही, म्हशीला कत्तलीसाठी दाखला लागतो. म्हणूनच भाकड म्हशीला आजही भाव आहे, आणि आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत तीन घरांनी गाई काढून म्हशी बांधल्या. पण 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी रस्त्यावरच्या त्रासाला कंटाळून खरेदीच थांबवली, तेव्हा म्हशींचे सौदेही अडले. व्यापारी आणि शेतकरी एकाच दाव्याला बांधलेले आहेत, हे त्या वेळी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

2012 च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल मिळून सुमारे 1 कोटी 55 लाख होते, 2019 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख. ही सगळी घट या कायद्याने झाली असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर आला, गायरानं गेली, पोरं पुण्या-मुंबईला गेली. देशभर या काळात गाई वाढल्या आणि बैल घटले. पण जो शेतकरी "ठेवू का काढू" अशा काठावर उभा होता, त्याला या कायद्याने काढण्याकडे ढकललं. जनावर वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने जनावर पाळणाराच कमी व्हावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुसरा कायदा बघा, बैलाबद्दलचाच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. प्राण्यांवरील क्रूरता हा केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय, म्हणून महाराष्ट्राने 2017 मध्ये केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि त्याला राष्ट्रपतींची संमती घेतली. उच्च न्यायालयाने ती अडवून धरली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. नियमांत काठी, चाबूक यांना मनाई आहे आणि अंतर एक हजार मीटरच्या आत.

शर्यती सुरू झाल्यावर आमच्याकडे काय झालं ते सांगतो. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत खरसुंडीच्या यात्रेत चांगला खिलार खोंड तीस-पस्तीस हजारांत मिळत होता. 2022 नंतर तसाच खोंड, पाय हलका आणि नजर तिखट असेल तर लाखाच्या पुढे सांगायला लागले. खिलार गाय ठेवणं पुन्हा परवडायला लागलं, कारण तिच्या पोटी येणाऱ्या खोंडाला किंमत आली. ज्यांनी वळू काढून टाकले होते त्यांनी परत आणले. खिलार गाय दूध जेमतेम देते, ती टिकते खोंडाच्या भावावर. पैदास वाचली ती तिची पुढची पिढी विकली जाण्याची आशा परत आली म्हणून. एकाच जनावराबद्दल एकाच विधिमंडळाचे हे दोन कायदे, आणि आमच्या दावणीवर त्यांचे परिणाम असे उलटे.

मग काय करायला हवं होतं, असं तुम्ही कदाचित विचाराल. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदान ठरवलं. जनावर बसून सांभाळायला पैसे लागतात, हे त्यात सरकारने मान्य केलं आहे. माझी मागणी एवढीच आहे की तेच पैसे गोशाळेबरोबर शेतकऱ्याच्या दावणीलाही द्या. दहा वर्षं औत ओढून थकलेला बैल ज्याने घरीच ठेवला, त्याच्या बैलाच्या कानात टॅग आहे, जनावरांचा डॉक्टर वर्षातून दोनदा लाळ-खुरकुताची लस द्यायला येतो, नोंद ठेवणं अवघड नाही. आणि बाजाराची पावती हातात असलेल्या माणसाला रस्त्यात खाजगी माणसाने अडवलं तर त्यावर तिथल्या तिथे गुन्हा नोंदवा.

माणक्या पुढे पाच वर्षं जगला. शेवटचं दीड वर्ष त्याला उठवायला दोन माणसं लागत. वडील रोज पहाटे पोत्यात पाचट भरून त्याच्या कुशीखाली सरकवायचे, म्हणजे एका अंगावर जखम होऊ नये. तो गेला तेव्हा विहिरीजवळच्या लिंबाखाली पुरला. हरण्या आता म्हातारा आहे, औताला जुपत नाही. त्याच्या जागी नवा खोंड घ्यायचा की भाड्याचा ट्रॅक्टर लावायचा, यावर घरात बोलणं चालू आहे. वडील खोंड म्हणतात. मी वही उघडून बसलोय आणि अजून हो म्हणालेलो नाही.