इमॅजिकाजवळ स्वयंपाकघर असलेली, खिशाला परवडेल अशी जागा कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरणगावहून तुम्ही नऊ जण निघणार, त्यात साखरेचा त्रास असलेल्या सासूबाई आणि एक लहान बाळ. दोन रात्री राहायचंय. हॉटेलचं खाणं सासूबाईंना सोसत नाही, म्हणून किचन हवं. शिवाय रेल्वेने जावं की गाडी करावी, हेही विचारलंय. मी अमळनेरची. आमचंही कुटुंब एकत्र, आणि कुठे जायचं ठरलं की तिकिटांच्या आधी कुकर कोण उचलणार यावरून बोलणी सुरू होतात. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

आधी सरळ हिशोब. नऊ जणांना किचनवाली जागा परवडते, चौघांना नाही. बंगलेवाले खोलीचं भाडं घेत नाहीत, अख्ख्या बंगल्याचं घेतात. समजा एखादा नऊ हजार म्हणाला, तर तुमच्या माणशी हजार पडतात आणि सकाळ-रात्रीचं जेवण किराण्याच्या खर्चात निघतं. तोच बंगला चौघांनी घेतला तर लॉजच्या दोन खोल्या कितीतरी स्वस्त पडल्या असत्या. म्हणजे तुमचा विचार बरोबर आहे, फक्त जागा आणि वार नीट निवडायचा.

इमॅजिका हे थीम पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे. ज्यांना पैशाची फिकीर नाही त्यांच्यासाठी उत्तम, पण तिथल्या खोलीत तुमच्या कामाचं किचन मिळणार नाही, त्यामुळे ते सोडून द्या. नेटवर ‘इमॅजिकाजवळ’ म्हणून ज्या जाहिराती येतात त्यातल्या निम्म्याअधिक लोणावळ्याच्या असतात. लोणावळ्यात बंगल्यांना तोटा नाही, हे खरं. पण तिथून पार्क पंचवीसेक किलोमीटर आणि मध्ये बोरघाट. सकाळी उतरायचं आणि दिवसभर उन्हात दमलेली मुलं घेऊन रात्री पुन्हा चढायचं. शनिवार-रविवारी घाट तुंबला की काय होतं ते मुंबई-पुण्याच्या लोकांना विचारा. तुम्हाला लोणावळाही बघायचं असेल तरच तिथे उतरा.

मी खोपोली-खालापूर पट्ट्यातलं फार्महाऊस किंवा बंगला बघेन. पार्क तिथून दहाएक किलोमीटरच्या आतबाहेर, घाट नाही, आणि खोपोली गावात भाजी, दूध, औषधं सगळं मिळतं. बाळ बरोबर आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. कर्जतच्या बाजूलाही फार्महाऊस बरीच आहेत, पण ती गावापासून आत आत असतात. तिथे रात्री पॅरासिटामॉलची बाटली आणायची म्हटली तरी गाडी काढावी लागते.

अष्टविनायकातले दोन गणपती याच भागात आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. देवस्थानांच्या गावी राहायची सोय स्वस्तात होते आणि घरगुती खानावळीही असतात. सासूबाईंना दर्शनही होईल. अडचण दोन गोष्टींची. स्वयंपाक करू देत नाहीत, आणि तिकडचं ताट भातावर चालतं. भाकरी मागितली तर तांदळाची येते, आणि साखरेच्या माणसाला ती काय कामाची! आणखी एक, मॅपवर टाकताना ‘महड, खालापूर’ असं नीट टाका. चवदार तळ्याचं महाड वेगळं, तेही रायगडातच पण पार दुसऱ्या टोकाला. ड्रायव्हर नवखा असेल तर तिकडे निघायचा.

आता मुख्य मुद्दा, किचन. जाहिरातीत ‘किचन अव्हेलेबल’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आम्ही एकदा घेतलेल्या बंगल्यात ओटा होता, सिंक होतं, वर चकचकीत कपाटंही होती. शेगडीच्या दोन बर्नरपैकी एकाचं बटण गायब. सिलिंडर केअरटेकरच्या खोलीत, आणि तो आणून लावायचे पैसे वेगळे. भांडी म्हणाल तर एक नॉनस्टिक पॅन, दोन पातेली आणि काचेचे सहा ग्लास. माझ्या सासूबाई तो पॅन उलटासुलटा करून बघत म्हणाल्या, “आठे भाकर कसावर टाकू?” नॉनस्टिकवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी टाकणाऱ्याने टाकावी, आम्ही त्या रात्री खिचडीच केली.

तेव्हापासून मी फोनवर ‘किचन आहे का’ असं विचारतच नाही. विचारते ते असं: सिलिंडर भाड्यात धरलाय की वेगळा? किचन आम्हाला वापरायला मिळेल की फक्त तुमचा स्वयंपाकी वापरणार? हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी ‘माणशी इतके’ घेऊन जेवण त्यांच्याकडूनच घ्यायला लावतात आणि किचनचा दरवाजा आपल्यासाठी बंद असतो. फ्रीज चालू आहे का? पिण्याचं पाणी कुठलं, जार आणावे लागतात का? आणि मटण-मासे करायचे असतील तर तेही आधीच विचारा, काही मालकांना चालत नाही. एवढं झालं की व्हिडिओ कॉलवर शेगडी पेटवून दाखवायला सांगा. जो खरंच देणार असतो तो हसतो आणि दाखवतो. टाळाटाळ केली तर समजून घ्या.

व्हिडिओ कॉलचा दुसरा फायदा म्हणजे बंगला खरोखर आहे की नाही तेही कळतं. दुसऱ्याच बंगल्याचे फोटो टाकून ॲडव्हान्स उकळणारे लोक सुट्ट्यांच्या दिवसांत हमखास उगवतात. सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी देऊन बाकीची चावी हातात आल्यावर द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

सिलिंडर ‘तुमचा तुम्ही आणा’ म्हणाले तर घरून न्यायचं डोक्यात आणू नका. रेल्वेत गॅसची टाकी किंवा स्टोव्ह नेणं १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाच किलोची छोटी टाकी गॅस एजन्सीत ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण दोन रात्रींसाठी ती खटपट कशाला? त्यापेक्षा दुसरा बंगला बघा.

कोणी म्हणेल इंडक्शन न्या. बंगल्याच्या किचनमध्ये जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट असेल तर ठीक. लॉजच्या खोलीत पलंगाशेजारी जो मोबाईल चार्जिंगचा पॉइंट असतो तो ६ अँपिअरचा, म्हणजे तेरा-चौदाशे वॅटच्या वर त्याला झेपत नाही, आणि इंडक्शन असतं १८००-२००० वॅटचं. प्लग तापतो, फ्यूज उडतो, आणि मॅनेजर खोलीच्या दारात. सातशे वॅटचा राईस कुकर मात्र त्यावर बिनघोर चालतो. त्यात मुगाची खिचडी होते, बाळाची पेज होते, अंडी उकडतात. चौघांचं कुटुंब असेल तर मी हेच सुचवते: साधा लॉज, मालकाला विचारून राईस कुकर, आणि किचनचा नाद सोडा.

बंगल्यावर जाताना घरून न्यायच्या वस्तू म्हणजे लोखंडी तवा, परात, एक पाच लिटरचा कुकर, उलथनं, सांडशी आणि आपली सुरी. सुरीला हसू नका, बंगल्यातल्या सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा कापत नाही. कळण्याचं पीठ, काळा मसाला, तूरडाळ, शेव. खोबरं-कांदा घरीच भाजून, कोरडं वाटून डब्यात भरून न्यायचं. शेवभाजीला मग तिथे काही लागत नाही. तेलात वाटण आणि मसाला परतून पाणी घालायचं, रस्सा उकळला की जेवायला बसताना वरून शेव. पार्कवरून रात्री थकून आल्यावर नऊ जणांचं याहून लवकर दुसरं काही होत नाही. वरणबट्टीही जमते. बट्ट्या घरून भाजून न्यायच्या, तिथे वरणाला एक शिट्टी जास्त द्यायची आणि बट्ट्या तळून घ्यायच्या. सासूबाईंसाठी भाकरी तेवढ्या रोज ताज्या करा. तवा आपला असला की पाच-सहा भाकरींना किती वेळ लागतो!

दुपारच्या जेवणाचं मात्र आधीच ठरवा. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. म्हणजे डब्याचा बेत बाद. बाळाचं दूध-पेज बरोबर असेल तर गेटवर आपणहून सांगा, आणि सासूबाईंची औषधं चिठ्ठीसकट वेगळ्या पाउचमध्ये ठेवा. सकाळी पोटभर भाकरी-भाजी खाऊन निघायचं, दुपारी आत एकदाच खायचं आणि रात्री बंगल्यावर. असं केलं तर आतलं महाग खाणं एकाच वेळेपुरतं राहतं. मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं, तेव्हा घरीच भिंतीला उभं करून मापून घ्या, तिकडे गेटवर वाद नको. सासूबाईंना झोके-पाळणे नको असतील तर आतमध्ये भारतावरून उडत गेल्यासारखं दाखवणारा ‘आय फॉर इंडिया’ आहे, त्याची चौकशी करा. बाकी वेळ सावलीतला बाक आणि बाळ त्यांच्याकडे.

वाराचं म्हणाल तर सोमवार ते गुरुवार. शुक्रवार दुपारपासून बंगल्यांचे भाव चढतात, आणि शनिवारी तोच बंगला जवळपास दुपटीला जातो. पावसाळ्यातले शनिवार-रविवार तर लोणावळ्याच्या वाटेला जाऊच नका, आणि जोराच्या पावसात पार्कमधली उघड्यावरची राइड थांबवतातही. दिवाळीची सुट्टी चांगली, पण आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते. घरी शेती असेल तर कोणी ना कोणी मागे राहतंच. डिसेंबर-जानेवारीचे मधले वार मला सगळ्यात बरे वाटतात. हवा छान, आणि भावात घासाघीस करायला जागा असते. बिल घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: हॉटेलच्या रोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. जुन्याच दराने कोणी लावत असेल तर विचारा.

आता रेल्वे की गाडी. रेल्वेने जायचं तर जळगावहून रात्रीची गाडी धरून पहाटे-सकाळी कल्याण. तिथून कर्जत लोकल, आणि कर्जतला खोपोलीची गाडी. थेट खोपोली लोकलही आहेत, पण मोजक्याच. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकल खचाखच असतात, तुम्ही उलट्या दिशेला जाणार म्हणून बसायला मिळेल. स्वस्त पडतं यात शंका नाही. पण पुढे खोपोली ते बंगला, बंगला ते पार्क, पार्क ते बंगला, अशा प्रत्येक फेरीला नऊ जणांना दोन-तीन रिक्षा, आणि रात्री त्या मिळतीलच असं नाही. तवा, परात आणि कुकर घेऊन कर्जतला पूल चढायचा तो वेगळाच.

म्हणून नऊ जणांना मी गावातूनच क्रूझर गाडी भाड्याने करा असं सांगेन. एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक हा नेहमीचा रस्ता. पुढे इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. टोल पडतो, पण बाळ आणि म्हातारं माणूस बरोबर असताना तो वसूल होतो. खरी परीक्षा कल्याण फाटा-शीळफाट्याला, तिथे सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळा. बंगला ठरवताना ड्रायव्हर कुठे झोपणार हेही विचारून घ्या, आणि जेवणाच्या माणसांत त्याला धरूनच पीठ न्या.

हे सगळं बजेटच्या बाहेर जातंय असं वाटलं तर शिर्डीचा विचार करा. तिथे वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ आहे, दोन्ही संगमनेरच्या मालपाणी समूहाचे. २०२२ मध्ये इमॅजिकाही त्यांनीच घेतलं. मोठ्या राइडची हौस भागणार नाही, पण पाण्यात डुंबायला मुलांना तेवढं पुरतं. प्रवास साधारण निम्मा, संस्थानच्या भक्तनिवासात ऑनलाइन बुकिंग करून स्वस्तात खोल्या मिळतात, आणि प्रसादालयात साधं, कमी तिखटाचं जेवण असतं. तिथे किचनची गरजच पडत नाही. सासूबाईंच्या भाकरी तेवढ्या दुरडीत बांधून न्या, ज्वारीच्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहज टिकतात.