चारच कामगार असतील तर विमा लागतो का?

वागळे इस्टेटमध्ये वायरिंगचा व्यवसाय असून चारच कामगार आहेत, मग विमा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अवश्य घ्यावा. कर्मचारी राज्य विमा योजना साधारणपणे 10 कामगारांपासून लागू होते, त्यामुळे आपले कामगार तिच्या बाहेर राहतात. परंतु कामावर असताना अपघात झाल्यास भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी 1923 च्या कायद्यापासून चालत आली असून ती 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे, आणि तिथे कामगारांची संख्या कमी असल्याची सबब चालत नाही. ही जबाबदारी पेलणारी कामगार नुकसानभरपाई पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. हप्ता वाचवण्यासाठी पगार कमी दाखवू नका, कारण दाव्याच्या वेळी नेमकी तीच नोंद आड येते. उंचावरचे काम, तसेच घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींत दोन दिवसांसाठी बोलावलेला रोजंदारीचा मदतनीस (हाच बहुतेकदा नोंदीतून सुटतो) अर्जात स्पष्ट लिहा, आणि उपचारांचा खर्च पॉलिसीत धरला आहे का, हेही विचारा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येक कामगाराच्या बँक खात्यातून जरूर सुरू करून द्या, मात्र तिच्यामुळे आपली जबाबदारी फिटत नाही.