हलाखीत वाढणाऱ्या मुलांना पुस्तकात स्वतःचं आयुष्य सापडतं का? कसं सापडतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नववीच्या वर्गात तुम्ही गरिबीवरची एक कथा शिकवलीत. वर्गात बरीच मुलं मजुरांची, दोघा-तिघांना वडील नाहीत. म्हणून तास संपताना विचारलंत, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं घडलंय?" वर्ग गप्प झाला. एक मुलगी मान खाली घालून बसली आणि पुढचे दोन दिवस शाळेतच आली नाही. आता तुम्ही विचारताय की अशा मुलांना साहित्याशी जोडणं शक्य आहे का, की आपण नुसतीच खपली काढतो.

मी सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागात, खानापूर-आटपाडीच्या बाजूला १९ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शक्य आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तुम्ही वर्गात विचारलात तसा प्रश्न मीही विचारला होता, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. दुष्काळावरचा धडा होता. वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील त्याच उन्हाळ्यात विहिरीचं काम करताना गेले होते. मला वाटलं, बोलला तर मोकळा होईल. म्हटलं, "तू सांग ना, तुला काय वाटलं हे वाचून?" तो उभा राहिला, पुस्तक उघडलं, धड्याचा शेवटचा परिच्छेद पहिल्यापासून मोठ्यानं वाचला आणि खाली बसला. त्याला प्रश्न कळला नाही असं मी धरून चालले. कळायला मला तीन-चार वर्षं लागली. प्रश्न त्याला चांगला कळला होता, आणि चाळीस पोरांसमोर देता येईल असं एकच उत्तर त्याच्याकडे होतं.

त्यानंतर मी तो प्रश्न सोडला. त्याऐवजी एकच विचारते: "हे लेखकानं बरोबर लिहिलंय का?"

फरक लहान वाटेल, पण वर्ग बदलतो. "तुझ्या घरी असं आहे का" म्हटलं की मुलाला आपलं घर उघडं करून दाखवावं लागतं. "बरोबर लिहिलंय का" म्हटलं की मूल जाणकार होतं आणि तपासणी लेखकाची सुरू होते. या मुलांना ज्या गोष्टी माहीत असतात त्या तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांना माहीतही नसतात. त्या जाणकारीच्या बाजूनं ती पुस्तकात शिरतात. दुःखाकडे यायचं की नाही, कधी यायचं, ते नंतर त्यांचं ती ठरवतात.

एक प्रसंग सांगते. माडगुळे गाव आमच्या भागातलंच. व्यंकटेश माडगूळकर तिथले, १९२७ सालचा जन्म. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. औंध संस्थानच्या काळात एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळात ती वाडीच रिकामी होते, अशी ती कादंबरी. मी ती ऑफ तासाला, पावसाळ्यात शेवटचा तास लवकर आटोपला की, जमेल तशी वाचून दाखवते. माझा अंदाज होता की मेंढक्यांची पोरं मेंढरांपाशी अडकतील. अडकलीही. मेंढरं रानात कशी बसवतात यावर दोघांची चांगलीच जुंपली. पण वाडी उठून जाते ते सगळं वाचून झाल्यावर मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "मॅडम, मग मास्तरनी हजेरीपटावरची त्येंची नावं ठिवली का कापली?"

हा मुलगा धनगराचा नव्हता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, दिवाळी झाली की टोळी निघायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची. घरी ठेवायला कुणी नाही आणि धाकटा भाऊ तीन वर्षांचा, म्हणून हा बरोबर जायचा. आई-बाप फडात मोळ्या बांधत असताना हा कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भावाला सांभाळायचा. माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर त्याच्या नावापुढं लाल शाईची ओळ असायची, महिनोन् महिने. ती लाल ओळ त्याला दिसत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

कादंबरीत दुष्काळ आहे, मेंढरं आहेत, गरिबी आहे. त्याला यातलं काहीच लागलं नाही, लागला तो हजेरीपट. मी त्यालाच विचारलं, "तू मास्तर असतास तर?" तो म्हणाला, "कापली नसती. रेघ मारून ठिवली आसती. आल्यावं फुडनं लिवायचं."

त्या दिवाळीला तो निघाला तेव्हा मी त्याला ग्रंथालयाची ती प्रत बरोबर दिली, रजिस्टरला माझ्या नावावर घालून. परत आली तेव्हा युरियाच्या पोत्याच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. अर्ध्यापुढं एका ठिकाणी खूण म्हणून उसाच्या पाचटाची काडी होती. आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सात नावं, प्रत्येक नावापुढं उभ्या रेघा. टोळीतली लहान पोरं गोळा करून तो संध्याकाळी मोबाइलच्या उजेडात वाचून दाखवायचा आणि हजेरी घ्यायचा. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिलं म्हणून रागवायला हवं होतं. मी त्या प्रतीची किंमत भरून दिली आणि ती स्वतःकडे ठेवली.

आता दुसरा प्रसंग, कारण पहिला ऐकून तुम्ही म्हणाल की हे एखाद्या हुशार मुलाचंच होतं.

आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोन्या-चांदीची आटणी. सराफाच्या दुकानातला केर, भट्टीची राख गोळा करायची, धुवायची, वितळवायची, ॲसिड घालून सोनं शुद्ध करायचं. ज्यांची स्वतःची दुकानं झाली त्यांचे गावात बंगले उभे राहिले. जे त्यांच्या हाताखाली कामाला गेले त्यांची पोरं आजीपाशी वाढतात आणि बाप वर्षातनं एकदा यात्रेला दिसतो. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. अभ्यासात बेताचा, आणि मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारा.

मी अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' वाचत होते. अण्णा भाऊ आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, १ ऑगस्ट १९२० चा जन्म. कथेतला भीमा धट्टाकट्टा गडी, कामासाठी मुंबईला गेलेला. खाण बंद पडते, काम जातं, आणि पोटासाठी तो मढ्यांच्या राखेत, पुढं मढ्यांच्या अंगावर सोनं शोधायला लागतो. राख चाळण्याच्या जागी आले तर खिडकीतला गडी एकदम म्हणाला, "चाळून काय हुतंय? धुवाय पायजे. बारीक कण जात्यात सगळं." वर्ग हसला. मी हसू दिलं नाही. त्याला फळ्यापाशी बोलावलं. सोनं जड म्हणून तळाला कसं बसतं, वरचं पाणी कसं सोडायचं, घमेलं कसं तिरकं धरायचं, हे त्यानं चित्र काढून दाखवलं. दहा मिनिटं गेली. त्या दिवशी कथा पुरी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी झाली. शेवटी भीमाची बोटं जातात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. मी पुस्तक मिटलं आणि कुणाला काही विचारलं नाही. हेही शिकून घ्यायला मला वेळ लागला. कथा संपली की एक मिनिट गप्प बसायचं. मास्तर माणसाला ते फार अवघड जातं.

आठवड्यानं तो मुलगा वह्या द्यायला स्टाफरूममध्ये आला. वह्या ठेवल्या, पण गेला नाही. मग म्हणाला, "पप्पांची बोटं पिवळी झाल्यात. ॲसिडनं. धुतली तरी जात न्हाईत." मी "हं" म्हटलं. तो आणखी थोडं बोलला, खोकल्याबद्दल, धुराबद्दल, आणि गेला. त्याला जे जोडायचं होतं ते त्यानं जोडलं होतं, आठ दिवस घेऊन, त्याच्या सवडीनं, चार भिंतींच्या आत. हेच मी त्या दिवशी वर्गात विचारलं असतं तर तो परत खिडकीबाहेर बघत बसला असता.

भाषेचंही सांगायला हवं. आमच्या मुलांना "हाय-न्हाय" बोललं की पहिलीपासून दुरुस्त केलेलं असतं. त्यांची बोली पुस्तकात छापलेली दिसली की ती आधी हसतात. मग एखादं विचारतं, "आसं लिवल्यालं चालतंय व्हय?" या क्षणाला फार जपा. घरी जे बोलतो ते छापण्याच्या लायकीचं आहे, हे मुलाला पहिल्यांदा कळत असतं. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली पुस्तकरूपानं आलं, पण वर्गातल्या मुलाला ते आजही नवंच असतं.

आणि एक उलटी गोष्ट. एक मुलगी होती, घरात दारू, रोज मारहाण, गावाला ठाऊक असलेली. मी मोठ्या आस्थेनं तिला बायकांची आत्मकथनं द्यायचे. ती नेमानं घेऊन जायची आणि न वाचता परत आणायची. एकदा म्हणाली, "मॅडम, रहस्यकथा हाय का एखादी?" मला जरा लागलंच. पण दिली. मग दुसरी, तिसरी. वर्षाच्या शेवटी मी विचारलं की यात तुला एवढं काय आवडतं. म्हणाली, "आमच्या घरात आता काय हुणार ते मला कायम म्हाईत आसतं. ह्यात म्हाईत नसतं." यावर मी काय बोलणार? तेव्हापासून कुणाला कुठलं पुस्तक "उपयोगी" पडेल हे मी ठरवत नाही. कपाट उघडं ठेवते. कष्टाच्या घरातल्या मुलानं कष्टाचंच वाचावं, असा आपला एक आग्रह असतो. त्यात माया असते, पण त्या मुलाला आपण पुन्हा त्याच खोलीत कोंडतो.

निबंधाचे विषयही बघा. 'माझी आई', 'दिवाळीची सुट्टी', 'माझे स्वप्नातले घर'. ज्याची आई निघून गेलीय, त्यानं काय लिहायचं? मी जोडीला नेहमी दुसरा विषय देते, आणि "मी" न म्हणता "एक मुलगा होता" असं लिहायची मोकळीक देते. त्या "एक मुलगा होता"मध्ये फार खरं उतरतं. आणि उतरलं तर त्यावर लाल पेन चालवायचा नाही, शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. एखाद्या वहीत मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र ते आपल्यापुरतं ठेवू नका. मुख्याध्यापकांना सांगा, मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक आहे, तिथं बोला.

लिहायला बसवताना मी मुलांना मुक्ता साळवेबद्दल सांगते. फुले दांपत्याच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. सावित्रीबाई शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, हे सांगितलं की मुलांना ते अंतर कमी वाटतं. पण ती खरी टवकारतात ती हे ऐकून की लिहिणारी शाळेतली पोरगी होती. लेखक म्हणजे फोटोला हार घातलेला माणूस, एवढंच त्यांना ठाऊक असतं. "बघा, ती शिकली, तुम्हीही शिका" असं शेपूट मी त्याला जोडत नाही. ते त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की कान आपोआप मिटतात.

आता तुमची ती मुलगी. तिसऱ्या दिवशी आली नसेल तर घरी जा, पण कथेचा विषय काढू नका. दोन दिवसांचा अभ्यास उतरवलेली एखादीची वही घेऊन जा. जाण्याला तेवढं कारण पुरतं. दारातच वही द्या, आत बोलावलं तर बसा, चहा दिला तर घ्या. ती वर्गात आली की सगळ्यांदेखत चौकशी नको, पुढच्या बाकावर बोलावणं नको. रोज बसते तिथं बसू द्या. आणि पुढचा धडा वाचायला घ्याल तेव्हा त्यात तिला माहीत असेल असं एखादं काम, एखादी वस्तू, एखादा शब्द आधी हेरून ठेवा. तिथं थांबा आणि सगळ्या वर्गाला विचारा, हे बरोबर लिहिलंय का. हात तिचा नाही आला तरी चालेल.