मधली पंधरा वर्षं कुठे गेली?

प्रश्न : मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता कॉलेज सोडून पक्षाचं पूर्णवेळ काम करायचं म्हणते. इटलीच्या एली श्लाइनचा दाखला देते, ‘३७व्या वर्षी थेट पक्षप्रमुख झाली!’ आमच्या घरात कुणी सरपंचसुद्धा झालेलं नाही. काय करावं? – एक वडील, कराड

उत्तर : नमस्कार. मुलीवर रागावू नका, दाखला तिने चांगलाच निवडलाय. फक्त अर्धाच सांगितलाय.

श्लाइनबाई २००८ मध्ये ओबामांच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून शिकागोला गेल्या, तेव्हा त्याही कायद्याच्या विद्यार्थिनीच होत्या. पण परत आल्या आणि बोलोन्या विद्यापीठातून २०११ मध्ये डिग्री घेतली. २०१४ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. पुढच्याच वर्षी पटेना म्हणून इटलीचा डेमोक्रॅटिक पक्ष सोडला (पुढे ज्याच्या प्रमुख झाल्या, तोच). २०१९ मध्ये पुन्हा उभ्याही राहिल्या नाहीत. या टप्प्यावर त्यांना कुणी ‘थेट’ म्हटलं नसतं.

खरी कमाई २०२० ची. एमिलिया-रोमान्या प्रांताच्या निवडणुकीत सुमारे २२ हजार मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचं नाव हाताने लिहिलं. तिथे पसंतीचं मत असंच देतात. मग प्रांताचं उपाध्यक्षपद मिळालं, म्हणजे फायली, बैठका, बजेट. पक्षात त्या परतल्या डिसेंबर २०२२ मध्ये, आणि लगेच सचिवपदासाठी उभ्या राहिल्या (तिकडे पक्षाच्या सर्वोच्च पदाला सचिवच म्हणतात). समोर कोण, तर त्याच प्रांताचे अध्यक्ष बोनाच्चिनी, म्हणजे कालपर्यंतचे साहेब! पक्षसदस्यांच्या मतदानात बोनाच्चिनीच पुढे होते. पण २६ फेब्रुवारी २०२३ ची फेरी सर्वांना खुली होती. किमान दोन युरो द्यायचे, पक्षाचं सदस्य असण्याची गरज नाही, वय सोळा असलं तरी चालेल. त्या फेरीत बाई जवळपास ५४ टक्के मतांनी जिंकल्या.

आपल्याकडे असं दार कुठल्या पक्षात आहे? तिकीट वरून येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय श्लाइन यांचे आजोबा सिनेटर होते, आई कायद्याची प्राध्यापक. हे मुलीने तुम्हाला सांगितलं नसावं.

म्हणून माझं मत : डिग्री सोडू नये. सुट्टीत पक्षाचं काम करू दे, बूथवर बसू दे, मतदारयाद्या तपासू दे. शिकागोची गंमत तीच होती. २१ पूर्ण झाली की ग्रामपंचायत लढवता येते आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यासाठी तिचं नाव गावच्या मतदारयादीत हवं. ते पुण्याच्या यादीत गेलंय का, एवढं आधी बघून घ्या. आणि फोन कराल तेव्हा राजकारणाचा विषय काढण्याआधी या सेमिस्टरला बॅकलॉग किती, ते विचारा.